लोण्याच्या गाडीत कोणी दांडा धरत नसे

समजा, तुम्ही बसच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसला आहात. पुढ्यात भलंमोठं स्टिअरिंग, पायाशी तीन पेडलं, मागे माणसांनी भरलेली गाडी. आणि समोरच्या काचेखालच्या फळीवर स्टीलचा एक पेला, काठोकाठ पाण्याने भरलेला. काम एवढंच आहे: या स्टॉपवरून निघायचं आणि पुढच्या स्टॉपवर थांबायचं. पेल्यातलं पाणी सांडता कामा नये.

करून बघा. पहिल्याच फटक्यात फजिती होईल. तुम्ही क्लच सोडला आणि गाडीने पुढे उडी घेतली, की पाणी मागच्या काठावरून थेट तुमच्या मांडीवर. त्या पाण्याला कोणी मागे ढकललेलं नसतं बरं का. ते बिचारं जिथे होतं तिथेच राहू बघत होतं, पेलाच त्याच्या खालून पुढे निघून गेला. मग पुढचा स्टॉप येतो. तुम्ही ब्रेक दाबता, पेला थांबतो आणि पाणी पुढच्या काठावरून काचेवर उडतं. पेल्याला थांबवलं गेलं, पाण्याला कोणी थांबवलंच नाही, म्हणून ते आपलं पुढे चाललंय. शाळेच्या पुस्तकात याला जडत्व म्हणतात. उभी वस्तू उभीच राहू बघते, चालती वस्तू चालतच राहू बघते, आणि बाहेरून कोणी धरल्याशिवाय, ढकलल्याशिवाय किंवा ओढल्याशिवाय आपला हेका सोडत नाही.

पेल्याची ही परीक्षा डेपोतल्या उस्तादने काढली होती. उस्ताद म्हणजे नव्या ड्रायव्हरांना तयार करणारा म्हातारा. आवाज फाटका, पण कानात शिरला की मुक्कामाला राहायचा. "हे पाणी नाही," तो सांगायचा, "ही मागची माणसं आहेत. यात एक म्हातारा आहे, एक पोटुशी बाई आहे, एकाच्या हातात अंडी आहेत. सांडलंस, तर उद्यापासून गाडी धुवायला ये."

बरीच मंडळी आठवडाभर ओल्या पँटने घरी गेली. एकाला मात्र ते जमलं. त्याचं कारण उस्तादचं एक वाक्य. गाडी थांबवताना शेवटी काय करायचं हे सांगताना उस्ताद म्हणाला होता, "सगळी गाढवं ब्रेक शेवटपर्यंत दाबून धरतात. मग गाडी उभी राहते आणि सगळ्यांच्या माना हिसका खातात. तू थांबायच्या जरा आधी पाय उचल. अगदी जरासा. झोपलेल्या बाळाच्या अंगावरून आपण हात काढतो ना, तसा."

त्याने तसा पाय उचलला. पाणी नुसतं थरथरलं आणि गप्प बसलं. उस्तादने तो पेला त्यालाच देऊन टाकला. "ठेव. बाकीच्यांना देऊन उपयोग नाही, पाणी पितील."

तेव्हापासून तो पेला, पाण्याने भरलेला, त्याच्या गाडीच्या फळीवर कायमचा बसला. पुढे त्या ड्रायव्हरला सगळे लोणी म्हणू लागले. त्याची गाडी म्हणजे लोण्याची गाडी. लोक आधी आलेली एक बस सोडून द्यायचे, घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "थांबू या, लोण्याची येईल आता."

हे नाव ऐकलं की सगळ्यात जास्त हसायची त्याची ताई. "हा लोणी? लहानपणी बघायला हवं होतं याला!" ती कोणालाही धरून सांगायची. "कार्टं धावत सुटलं की थांबायचं कसं हे माहीतच नाही. भिंत येईल तिथे थांबायचं. कपाळावर कायम टेंगूळ. एक बसलं की दुसरं तयार. आणि आता बघा, दार असं लावतो की माणूस घरात आहे की गेला, पत्ता लागत नाही."

"टेंगळं होती म्हणूनच अक्कल आली," तो म्हणायचा.

"आली का? कधी? मला सांगितलं नाहीस."

आईवडील लवकर गेले, तेव्हापासून या घरात दोघंच. ताईचं लग्न राहिलं कारण हा लहान होता. याचं राहिलं कारण ताई एकटी पडली असती. निदान दोघं एकमेकांना ऐकवायचे तरी तसंच. ताई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची. खिडकीजवळचं टेबल तिचं. दिवसभर उभं राहून चादरी आणि कोट, कोट आणि चादरी. तिच्या हाताखालून गेलेल्या कापडावर सुरकुती शोधून दाखवा म्हणून ती पैज लावायची. केस कपड्यांवर पडू नयेत म्हणून तिथे डोक्याला रुमाल बांधावा लागायचा, आणि ताई तो कधीही घरून बांधून निघायची नाही. केस विस्कटतात म्हणे. ती सकाळी भावाच्याच बसने जायची, आणि तिचा स्टॉप जवळ आला की उठून पुढच्या दाराशी, ड्रायव्हरच्या बाजूला येऊन उभी राहायची. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन चालत्या गाडीत सावकाश रुमालाची गाठ मारायची.

कशालाही न धरता. त्या गाडीत कोणीच काही धरत नसे. तेच तर त्या गाडीचं वैशिष्ट्य होतं.

पेपरवाले काका उभ्याने पेपर पुरता उघडून वाचायचे, पान उलटतानासुद्धा कशाला टेकायचे नाहीत. एक बाई उभ्या उभ्या स्वेटर विणायच्या, त्यांचा टाका कधी सुटला नाही. आणि कंडक्टर, ज्याचं तोंड कधी बंद होत नसे म्हणून ज्याला सगळे रेडिओ म्हणत, तो हे सगळं एखाद्या खेळासारखं चालवायचा. कोणी नवखा माणूस चढला आणि त्याने सवयीने वरचा दांडा धरला, की रेडिओ सुरू व्हायचा.

"अहो पाहुणे, दांडा सोडा! आमच्या ड्रायव्हरचा अपमान होतोय."

"पडलो तर?"

"पडलात तर तिकीट परत, आणि वर मी तुम्हाला घरी पोचवतो, पाठंगुळी घेऊन."

गाडीत हशा व्हायचा. नवखा ओशाळून हात काढायचा. चार स्टॉप गेले की तोही खिशात हात घालून उभा. लोणी हे आतल्या आरशात बघायचा. वर रिकामे दांडे आणि खाली मोकळे हात. त्याला ते फार आवडायचं. पगाराची वाढ मिळाल्यावरही कधी तेवढं बरं वाटलं नव्हतं.

त्याच रस्त्यावर दुसरी एक बस होती. तिच्या ड्रायव्हरला भूकंप म्हणत. त्याच्याबद्दल आत्ता एवढं पुरे.

ज्या सकाळी ते घडलं, ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, गाडीचा वेग रोजचाच. ताई उठून पुढे आली होती आणि रोजच्यासारखी टोमणे मारत होती.

"अरे, मागून एक गोगलगाय हॉर्न देतेय. जाऊ दे की तिला पुढे."

"तिला म्हणावं, स्टॉप आला की उतर आणि चालत जा."

"आज मालक लवकर येणार आहेत. जरा रेट गाडी."

"रुमाल बांध आधी."

ताईने रुमालाची दोन टोकं मानेमागे नेली.

तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून सायकलवर एक मुलगी बाहेर आली. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर. ती वेगाने रस्ता ओलांडून जाणार होती आणि गेलीही असती, पण नेमकी मध्यावर सायकलची चेन उतरली. मुलीचे पाय पेडलवर गरागरा रिकामे फिरले, सायकल डगमगली आणि बससमोर उभी राहिली.

लोण्याच्या पायाने विचार केला नाही. तो ब्रेक दाबत फरशीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. झोपलेलं बाळ वगैरे काही नाही.

आता इथे जरा थांबून नीट बघू या, कारण पुढे लोण्याने हेच हजारदा बघितलं. ब्रेक गाडीला थांबवत नाही. तो फक्त चाकं धरून ठेवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता. टायर रस्त्यावर घासतात, रस्ता त्यांना मागे खेचतो, आणि त्या घर्षणाच्या बळावर एवढं मोठं धूड उभं राहतं. त्या दिवशी रस्त्याने आपलं काम चोख केलं. टायर किंचाळले आणि बस थांबली. पण बस म्हणजे बसमधली माणसं नव्हेत. जे बसले होते, त्यांना पुढच्या सीटने अडवलं. जे उभे होते, त्यांना अडवणारं एकच काही होतं, तो दांडा. गाडीने आपल्याला धरावं म्हणून तर तो असतो. आणि तो कोणीच धरला नव्हता.

ताईचे पाय गाडीच्या फरशीने थांबवले. बाकीची ताई थांबली नाही. लोण्याला ती आपल्या खांद्याजवळून पुढे जाताना दिसली, हात अजून मानेमागेच. इंजिनावरच्या लोखंडी झाकणाच्या कडेवर तिचं कंबरेखालचं अंग आपटलं आणि ती दाराच्या पायरीच्या खोलगट जागेत कोसळली. फळीवरचा पेलाही उडाला. मागे पेपरवाले काका पेपरासकट आडवे झाले, त्यांच्या कपाळाला खोक पडली. मग पेला घरंगळत पायऱ्या उतरतोय, हे सगळ्यांना ऐकू आलं.

बाहेर ती मुलगी एक पाय जमिनीला टेकून उभी होती. तिने बसकडे बघितलं, चुकलं असं सांगणारा हात वर केला, सायकल हाताने ढकलत फुटपाथला लावली आणि चेन बसवायला खाली वाकली. आत काय झालं, हे तिला कळलंच नाही.

"पोर वाचली ना?" खालून ताईने विचारलं.

"वाचली, ताई."

"मग बघत काय बसलास? उठव मला, उशीर होतोय."

त्याने तिला काखेत धरून उचललं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्याने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मग त्याने तिला परत खाली ठेवलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पट्टी आणि स्क्रू घालून हाड जोडलं. डॉक्टर म्हणाले, चांगलं बसलंय.

डेपोत चौकशी झाली. लोणी तिथे गेला तो मनात एक ठरवून: साहेब ओरडतील, मी ऐकून घेईन. पण कोणी ओरडायलाच तयार नव्हतं. पेपरवाले काका कपाळावर पट्टी लावून स्वतःहून आले आणि म्हणाले, "या माणसाला काही करायचं नाही. याने एक जीव वाचवलाय." स्वेटरवाल्या बाई आल्या, दोनचार आणखी आले. रेडिओने तर पूर्ण नाटक करून दाखवलं, सायकल कशी आली, चेन कशी पडली, गाडी कशी थांबली. "बंपर आणि तिचं मागचं चाक, साहेब, मी स्वतः खाली उतरून बघितलं. माझी वीत बसत नव्हती मध्ये!"

लोण्याने विचारलं, "साहेब, मी ब्रेक जरा कमी दाबला असता तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "तर आज तुम्ही पोलिसांच्या खोलीत, दुसऱ्या साहेबासमोर बसला असतात. जा आता. तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं."

म्हणजे तो प्रश्न तिथेच मिटला. कमी दाबून चालणार नव्हतं. जास्त दाबण्याजोगं पेडल उरलं नव्हतं. लोणी बाहेर आला आणि डेपोच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला राग धरायलासुद्धा कोणी सापडेना. मुलीवर धरावा, तर तिने मुद्दाम थोडंच केलं? चेनवर धरावा, तर चेन ती चेनच. सगळं बरोबर झालं होतं, आणि ताई पडून होती.

रेडिओ दोन कप चहा घेऊन आला. त्याला शांत बसवेना आणि मित्राचं तोंडही बघवेना, म्हणून त्याने आपल्या परीने विनोद केला. "सोड रे लोण्या. नशीब असतं एकेकाचं. आता त्या भूकंपाकडे बघ. गाडी चालवतो की माणसं पाखडतो, कळत नाही. पण त्याच्या गाडीत इतक्या वर्षांत कोणाला साधं खरचटलं नाही. का? चढल्या चढल्या माणूस दोन्ही हातांनी दांडा धरतो, तो उतरेपर्यंत! एकाने तर दातांनी धरलेला मी पाहिलाय."

रेडिओ स्वतःच हसला. मग त्याने लोण्याकडे बघितलं आणि त्याचं हसू विझलं. "अरे, मी आपलं गमतीने..."

"खरं आहे ते," लोणी म्हणाला. त्याने चहा न पिताच कप भिंतीच्या कडेला ठेवला.

तो परत कामावर गेला. पहिले काही दिवस गाडीतले सगळे दांडे धरलेले होते. आरशात हातांची रांग दिसली की त्याला हायसं वाटायचं. मग एकेक हात सुटायला लागला. आधी एका हाताने धरणं, मग दोन बोटांनी, मग नुसतं टेकणं. एके दिवशी पेपरवाल्या काकांनी पेपर पुन्हा पुरता उघडला. कपाळावरचा व्रण अजून लालच होता.

"काका, दांडा धरा," लोण्याने मागे वळून सांगितलं.

"अहो, तुमच्या गाडीत कशाला?" काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खरीखुरी माया होती. लोण्याला ती मायाच नकोशी झाली.

त्याने रेडिओला सांगितलं, दर स्टॉपला ओरड, दांडा धरा म्हणून. रेडिओ ओरडायचा, पण ज्या तोंडाने इतकी वर्षं दांडा सोडा म्हटलं, त्या तोंडाचं कोण ऐकणार? लोकांना वाटायचं नवीन गंमत आहे. कोणी म्हणायचं, "का हो रेडिओ, स्टेशन बदललं काय?"

मग एका सकाळी लोण्याने ठरवलं, आजपासून आपण भूकंप. प्रत्येक स्टॉपला हिसका द्यायचा. लहानसाच, पण असा की माणसांचे हात आपोआप वर जावेत. पहिला स्टॉप आला. त्याने पाय दाबला, आणि शेवटी तो उचलायचा नाही असं मनाशी घोकत राहिला. गाडी झटक्याने थांबली. आरशात सगळ्या माना पुढे गेल्या आणि मागे आल्या. एक काठीवाले आजोबा तोल जाऊन सीटवर बसले आणि आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. घरातल्या माणसाने अचानक हात उगारला की आपण जसं बघतो, तसं.

दुसऱ्या स्टॉपला त्याने पुन्हा तेच ठरवलं. पण थांबायच्या जरा आधी पाय उचलला गेला. त्याने उचलला नाही, उचलला गेला. तिसऱ्या स्टॉपलाही तेच. इतक्या वर्षांची सवय होती, ती आता त्याची राहिली नव्हती, पायाची झाली होती. उभी गाडी उभी राहू बघते, चालती चालत राहू बघते, आणि सवयीचा पाय सवयीनेच उचलतो. त्याला बाहेरून कोण धरणार?

घरी ताई वॉकर घेऊन उभी राहायला लागली होती. चार पायांचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा पुढे ठेवायचा, त्यावर भार द्यायचा, मग पाऊल. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, बोलायला गोड आणि कामात कडक. त्या ताईला समजावून सांगायच्या, "चालणं म्हणजे काय, सांगा बघू? आपण पायाने जमिनीला मागे ढकलतो आणि जमीन तेवढ्याच जोराने आपल्याला पुढे ढकलते. जमीन कधी फसवत नाही. तुम्ही ढकला, ती ढकलणारच. पण तुम्ही ढकलताय हाताने."

"पाय ढकलत नाही, तर मी काय करू?" ताई म्हणायची.

"पाय ढकलेल. हाड जुळलंय, पायात जोर आहे, मी तपासलंय. हात सोडायला हवा. आता सोडला नाही, तर पाय विसरून जाईल."

लाँड्रीच्या मालकांनी निरोप पाठवला होता: टेबल तुमचंच आहे, पण वॉकर घेऊन इस्त्री होत नाही, या चालत. ताई त्या निरोपावर खूश होती. "माझ्यावाचून त्यांच्या चादरी बघ कशा दिसत असतील. म्हाताऱ्याच्या गालासारख्या." पण वॉकरवरची तिची बोटं पांढरी पडायची इतकी घट्ट असायची. जी बाई चालत्या बसमध्ये दोन्ही हात मानेमागे नेऊन रुमाल बांधायची, ती आता उभ्या घरात, न हलणाऱ्या फरशीवर, पलंग सोडायच्या आधी टेबल धरायची आणि टेबल सोडायच्या आधी भिंत.

लोण्याला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं. डेपोत एक जुनी बस भंगारात निघाली होती. तिच्यातला एक लांब दांडा त्याने मागून घेतला, घासूनपुसून चकचकीत केला आणि घरातल्या बोळात, ताईच्या खोलीपासून मोरीपर्यंत, भिंतीला पक्का ठोकला. लोंबकळून बघितलं. हलला नाही.

"अगंबाई, बसच घरी आणलीस की!" ताई खुदकन हसली. "तिकीट कोण फाडणार?" आणि तिने तो दांडा असा धरला, जणू कोणी परत मागायला येणार आहे.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या आणि बोळात थबकल्या. "हे कोणी लावलं?"

"मी," लोणी म्हणाला. त्याला वाटलं, शाबासकी मिळणार.

"काढा. ताबडतोब काढा. मी एकेक बोट सोडवतेय, आणि तुम्ही धरायला नवीन देताय!"

ताई म्हणाली, "राहू दे ना, बाई. त्याने एवढं प्रेमाने लावलंय." तिचा हात दांड्यावरच होता. तो काढायचा कसा? दांडा काढला तर ती मोरीपर्यंत जाणार नाही, ठेवला तर पुढे कुठेच जाणार नाही. लोणी पाना घेऊन बोळात उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. शेवटी पाना खिशात घालून तो कामावर गेला. दांडा भिंतीवरच राहिला.

मग त्याची सुट्टी होती त्या दिवशी दुपारी बाई पुन्हा आल्या. त्यांनी ताईला खोलीच्या मधोमध उभं केलं, वॉकर तिच्या हाताला लागेल एवढ्याच अंतरावर ठेवला आणि म्हणाल्या, "आज एकच पाऊल. कशालाही न धरता. भाऊ समोर उभा राहील. त्याच्याकडे बघा आणि या."

लोणी समोर उभा राहिला. मध्ये एका पावलाची जागा. त्याने हात पुढे केले, धरायला नाही, नुसते असू देत म्हणून. ताईची बोटं वॉकरवर घट्ट होती. एक हात सुटला. हवेत थोडा वेळ राहिला, आणि परत जाऊन बसला.

"ढकलू का मागून?" त्याने विचारलं.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "ढकलायचं नाही, ओढायचं नाही. यांचा जोर यांनाच लावू द्या."

अख्खी बस एका पायाने हलवणारा आणि एका पायाने थांबवणारा तो माणूस. आपल्या बहिणीचं एक पाऊल त्याला पुढे टाकता येत नव्हतं.

"सोड ताई," तो म्हणाला. "सोड गं. मी आहे ना."

ताईने वर बघितलं. ती हसणार, काहीतरी टोचून बोलणार, असं त्याला वाटलं.

"तू तेव्हाही होतासच की रे," ती म्हणाली.

वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, आणि निघालेल्या वाक्याला ब्रेक नसतो. ताईला ते कळलं. ती घाईघाईने म्हणाली, "तसं नाही रे. मी आपलं... जा, चहा टाक बाईंना." आणि वॉकर ओढून घेऊन परत पलंगावर बसली. त्या दिवशी पाऊल पडलं नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही.

त्या दुपारी चहा घेऊन आल्यावर त्याने तिला एक विचारलं. बाई गेल्या होत्या. "ताई, मी भूकंपासारखी गाडी चालवत असतो, तर तू दांडा धरला असतास ना?"

ताईने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "मी तुझ्या गाडीत पायच ठेवला नसता. चालत गेले असते लाँड्रीत."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय." तिने खिडकीबाहेर बघितलं. "काय छान वाटायचं रे तिथे उभं राहून गाठ मारायला."

तो अजून तीच गाडी चालवतो. पेल्याला पोचा आला होता, त्याने तो ठोकून सरळ केला आणि परत फळीवर ठेवला. पाणी सांडत नाही. ताई बोळातला दांडा धरून मोरीपर्यंत जाते आणि परत येते. खिडकीजवळच्या टेबलावर लाँड्रीने दुसरी बाई उभी केली आहे.

एक प्रश्न त्याने साहेबांना विचारला, रेडिओला विचारला, व्यायामाच्या बाईंनाही विचारला. कोणी म्हणालं सोडून दे, कोणी खांद्यावर हात ठेवला. उस्ताद असता तर त्याला विचारलं असतं, पण उस्तादला जाऊन बरीच वर्षं झाली. रोज सकाळी गाडी काढताना तो आरशात बघतो. वर रिकामे दांडे, खाली मोकळे हात. आणि ब्रेकवर पाय ठेवताना तो प्रश्न पुन्हा येऊन बसतो: गाडी इतकी अलगद चालवायची की पेल्यातलं पाणी हलू नये, आणि तरी मागच्या माणसांचा हात दांड्यावरून सुटू नये, ही दोन्ही कामं एकाच पायाने करायची तरी कशी?